बुटांचा नंबर वारंवार चुकत असेल तर आधी आकडा कशाचा आहे ते बघा

तक्रार जवळपास ठरलेली असते. "माझा नंबर आठ. कॉलेजपासून आठच घालतोय. पण या वेळचे आठ नंबरचे बूट पुढून लागतात." मग ते परत जातात, नऊ नंबर येतो आणि चालताना टाच निघायला लागते. तिसऱ्या खेपेला माणूस कंटाळतो आणि जे आले ते घालून फिरतो. अंगठ्याचं नख काळं पडतं, करंगळीवर घट्टा येतो, आणि आपले पायच वाकडे आहेत अशी समजूत होऊन बसते. पाय बहुधा ठीक असतात, बूटही नकली नसतो. गोंधळ आकड्यात असतो आणि तो घरी, पट्टी-पेन्सिल घेऊन सोडवता येतो.

पहिली गोष्ट मनात पक्की करायची ती अशी: डब्यावरचा 'आठ' हे तुमच्या पायाचं माप नाही. बूट ज्या पायाच्या आकाराच्या साच्यावर ओढून तयार करतात त्या कलबुताचं ते माप आहे. कलबूत पायापेक्षा लांब असतं, कारण चालताना बोटांना पुढे सरकायला जागा लागते. ही जादा जागा साधारण दीड सेंटिमीटर धरतात, पण ती किती ठेवायची हे प्रत्येक कंपनी आपलं आपण ठरवते. टोकदार फॉर्मल बुटात ती जास्त असते, गोल तोंडाच्या बुटात कमी. म्हणजे आकडा तोच असला तरी आतली तुमच्या वाट्याची जागा बदलू शकते.

त्यात हा आकडा मोजायच्या पद्धती निरनिराळ्या. आपल्याकडे दुकानात जो नंबर चालतो तो ब्रिटिश. त्याची एक पायरी म्हणजे इंचाचा तिसरा भाग, ८.४७ मिलिमीटर. जवाचे तीन दाणे ओळीने ठेवले की एक इंच, या जुन्या इंग्रजी मोजणीतून ती आली. मोठ्यांच्या बुटांसाठी कलबुताची लांबी इंचात घ्यायची, तिला तीनने गुणायचं आणि २५ वजा करायचे. कलबूत ११ इंच असेल तर ३३ वजा २५, म्हणजे नंबर आठ. अमेरिकेत पुरुषांसाठी हाच हिशेब, फक्त वजा २४, म्हणून तिथे तोच बूट नऊ नंबरचा. युरोपात पायरी सेंटिमीटरच्या दोन तृतीयांशाची, ६.६७ मिलिमीटरची. तिला पॅरिस पॉइंट म्हणतात. तिथे कलबुताचे सेंटिमीटर दीडपट केले की नंबर मिळतो: ११ इंच म्हणजे २७.९४ सेंटिमीटर, दीडपट ४१.९, म्हणून ४२.

कागदावर सगळं जुळलं. यूके ८, यूएस ९, ईयू ४२. आता खऱ्या लेबलांकडे या. नाइकीच्या पुरुषांच्या यूके ८ बुटावर यूएस ९, ईयू ४२.५ आणि २७ सेंमी असं असतं. आदिदासच्या यूके ८ वर यूएस ८.५, ईयू ४२ आणि २६.५ सेंमी. दोन्हीकडे 'आठ', पण एक बूट २७ सेंटिमीटरच्या पायासाठी आणि दुसरा साडेसव्वीसच्या. पाच मिलिमीटर ऐकायला क्षुल्लक वाटतात, पण ब्रिटिश मोजणीत ते अर्ध्या नंबरापेक्षा जास्त आहेत. शिवाय जो माणूस यूएस ९ लक्षात ठेवून दुसऱ्या कंपनीचे यूएस ९ मागवतो त्याची वाट आणखी वेगळी, कारण आदिदासचा यूएस ९ हा यूके ८.५ असतो.

यात कोणी फसवत नाही. ८.४७ आणि ६.६७ या पायऱ्या एकमेकींत बसतच नाहीत, त्यामुळे कुठेतरी जवळचा आकडा धरावा लागतो. यूकेचा अर्धा नंबर ४.२३ मिलिमीटर, म्हणजे युरोपच्या पायरीचा जवळपास दोन तृतीयांश. म्हणून आदिदासच्या लेबलावर ४०⅔, ४१⅓, ४२, ४२⅔ असे विचित्र दिसणारे अपूर्णांक येतात; ती त्यातल्या त्यात प्रामाणिक नोंद आहे. इतर अनेक जण अर्ध्यावर किंवा पुऱ्या आकड्यावर आणतात. त्यामुळे इंटरनेटवर जो 'यूके-यूएस-ईयू' असा एकच सर्वांसाठीचा तक्ता फिरत असतो, तो कुठल्याच कंपनीचा नसतो. त्यावर विसंबून मागवू नका.

आधी पाय मोजा

हे संध्याकाळी करा. दिवसभरात पाय थोडे फुगतात आणि बूट त्याच पायांना घालायचे असतात. भिंतीला लागून कागद ठेवा, टाच भिंतीला टेकवा आणि दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभे राहा. बसून मोजलं तर पाय आखूड भरतो, कारण भार पडल्यावरच तो पसरतो. ज्या मोज्यांवर बूट घालणार ते मोजे पायात असू द्या. सगळ्यात लांब बोटाच्या टोकाशी खूण करायला दुसऱ्या कुणाला तरी सांगा, कारण आपण वाकलो की भार सरकतो. लांब बोट अंगठाच असेल असं नाही, पुष्कळांचं अंगठ्याशेजारचं बोट पुढे असतं. पेन्सिल उभी सरळ धरायची. आत कलली की काही मिलिमीटर तिथेच हरवतात.

दोन्ही पाय मोजा. बहुतेकांचे पाय थोडे लहान-मोठे असतातच. मोठा तो खरा.

मग शिवणकामाची टेप घेऊन चवड्याचा घेर मोजा, अंगठ्याच्या मागचं हाड आणि करंगळीच्या मागचं हाड यांवरून. हाही आकडा लिहून ठेवा. आपल्याकडे हा कुणी विचारत नाही, पण निम्म्या तक्रारींचं मूळ तिथेच असतं. त्याकडे पुढे येतोच.

हे आकडे मिलिमीटरमध्ये फोनमध्ये जपून ठेवा. यापुढे कुणी नंबर विचारला तर आधी ते सांगायचे.

मग लेबलावरचा सेंटिमीटरचा आकडा शोधा

बुटाच्या जिभेच्या आत किंवा डब्याच्या बाजूला चार-पाच आकडे असतात. त्यांतला सीएम किंवा जेपी लिहिलेला आकडा आपल्या कामाचा. जपानमध्ये बूट थेट सेंटिमीटरवर विकतात, अर्ध्या-अर्ध्या सेंटिमीटरच्या पायरीने; कोरियात तेच मिलिमीटरमध्ये, २६५, २७० असं. तिथे तो आकडा कलबुताचा नसून ज्या पायासाठी बूट बनवला त्या पायाच्या लांबीचा असतो. मोंडोपॉइंट ही आंतरराष्ट्रीय पद्धतही पायाच्याच लांबी-रुंदीवर उभी आहे. स्कीइंगच्या बुटांवर आणि अनेक लष्करांच्या बुटांवर ती वापरतात. मला सगळ्यांत न्याय्य वाटते ती हीच रीत. ग्राहकाला आपला पाय माहीत असतो, कारखान्यातलं कलबूत त्याने कधी पाहिलेलं नसतं.

मात्र एक खाच आहे. विक्रेत्यांच्या तक्त्यांत 'लांबी' या नावाखाली कधी पायाची लांबी असते, कधी इनसोलची, म्हणजे बुटाच्या आतल्या तळपट्टीची. कुठली ते लिहिलेलं नसेल तर यूके ८ ची ओळ बघा. तिथे साडेसव्वीस-सत्तावीस असेल तर पायाची लांबी दिली आहे. साडेसत्तावीसपासून अठ्ठावीसपर्यंत काही असेल तर ते बुटाच्या आतलं माप आहे. ते आतलं असेल तर आपल्या पायाच्या लांबीत रोजच्या बुटासाठी ८ ते १० मिलिमीटर आणि पळायच्या किंवा डोंगरात घालायच्या बुटासाठी १० ते १२ मिलिमीटर मिळवून मग ओळ निवडा. पायाचं माप असेल तर काही मिळवू नका. जागा त्यांनी आधीच धरलेली असते. ज्यांचे बूट दर वेळी एक नंबर सैल येतात त्यांनी ही दुहेरी मिळवणी केलेली असण्याचा संभव बराच.

स्वस्तातले आयात बूट 'लहानच निघतात'

हे खरं आहे, आणि त्याला कारण आहे. चीनमध्ये एक जुना आकडा अजून चालतो, जो दिसायला युरोपच्या नंबरासारखा असतो. पण त्याचा हिशेब वेगळा: पायाचे सेंटिमीटर दुप्पट करून १० वजा करायचे. २५ सेंमी म्हणजे ४०, २६ सेंमी म्हणजे ४२, २७ सेंमी म्हणजे ४४. इथे प्रत्येक नंबरमागे ५ मिलिमीटरच वाढतात, युरोपच्या पायरीत ६.६७. साडेचोवीस सेंटिमीटरच्या पायाला दोन्हीकडे ३९ येतात. तिथून वर जावं तसं अंतर वाढत जातं. युरोपीय ४४ साधारण पावणेअठ्ठावीस सेंटिमीटरच्या पायाचा, चिनी ४४ सत्तावीसचा. जवळजवळ एक पुरा ब्रिटिश नंबर कमी.

म्हणूनच एकाच घरात बायकोला ३८ बरोबर येतो आणि नवऱ्याला ४४ घट्ट, आणि दोघंही आपापल्या अनुभवाने एकमेकांशी वाद घालतात. विक्रीच्या पानावर सेंटिमीटर किंवा मिलिमीटर दिले असतील तर तेवढेच बघा, ४४ कडे दुर्लक्ष करा.

अमेरिकेहून आलेले बूट

सुट्टीला येताना तिकडची मंडळी घरच्यांसाठी बूट आणतात, आणि परत करायची सोय नसल्यामुळे इथली चूक सर्वांत महाग पडते. बायकांच्या बाबतीत तर नक्की होते. अमेरिकेत पुरुषांची आणि बायकांची मोजणी वेगळी. तिथे दुकानात पाय मोजायला जे धातूचं ब्रॅनॉक उपकरण असतं त्यावर बायकांचा नंबर पुरुषांच्या नंबराहून एकाने जास्त. खेळाच्या बुटांच्या बहुतेक कंपन्या मात्र दीडने जास्त धरतात. कॉन्व्हर्सच्या दोघांसाठीच्या बुटांवर तर पुरुष ७, बायका ९ असं दोनाचं अंतर असतं. वर यूकेत रूपांतर करतानाही एकमत नाही. नाइकीचा बायकांचा यूएस ८ म्हणजे यूके ५.५. आदिदासचा बायकांचा यूएस ८ म्हणजे यूके ६.५. एक पूर्ण नंबराचा फरक, आणि गंमत अशी की सेंटिमीटरच्या रकान्यात दोघांकडेही २५ च लिहिलेलं आहे.

तेव्हा "आईचा नंबर सहा" असा निरोप पाठवू नका. "उजवा पाय २४६ मिलिमीटर, डावा २४९, चवड्याचा घेर अमुक" असा पाठवा. आणि जमलं तर पायाची आकृती काढलेल्या कागदाचा फोटो, शेजारी पट्टी ठेवून.

मुलांचे नंबर

जूनमध्ये शाळेचे बूट घेताना हा घोळ हमखास होतो. ब्रिटिश मोजणीत मुलांचा हिशेब चार इंचांपासून सुरू होतो, १३ पर्यंत जातो आणि मग पुन्हा एकपासून सुरू होतो. म्हणजे 'एक नंबर' दोन आहेत. मुलांच्या एक नंबराचं कलबूत ११ सेंटिमीटरचं, पुढच्या फेरीतल्या एक नंबराचं २२ सेंटिमीटरचं, बरोब्बर दुप्पट. ऑनलाइन मागवताना वयाचा किंवा 'किड्स'चा रकाना नीट पाहिला नाही तर आठ वर्षांच्या मुलाला तान्ह्या बाळाचे बूट येतात. अमेरिकन लेबलांवर हे वेगळं कळावं म्हणून लहानांच्या आकड्यापुढे सी आणि मोठ्या मुलांच्या आकड्यापुढे वाय लिहितात.

मुलांसाठी दोन नंबर मोठे घेऊन पुढे कापूस कोंबण्याची आपली जुनी रीत सोडावी असं मला कळकळीने सांगावंसं वाटतं. सैल बुटात मूल बोटं आवळून चालतं. साधारण एक सेंटिमीटर जागा पुरे, आणि दर दोन-तीन महिन्यांनी पाय कागदावर आखून पाहावा.

लांबी बरोबर, तरी लागतात

आता चवड्याचा घेर. इथे नंबर वाढवणं हा सर्रास केला जाणारा आणि चुकीचा उपाय आहे. रुंद पायाचा माणूस जागा मिळावी म्हणून लांब बूट घेतो, मग टाच निसटते. शिवाय बूट जिथे वाकायला हवा तिथे वाकत नाही: पाय चवड्यापाशी वाकतो आणि बूट त्याच्या पुढे. ब्रॅनॉक उपकरण टाचेपासून चवड्याच्या हाडापर्यंतची लांबी वेगळी मोजतं ते यासाठीच. सिराक्यूसच्या चार्ल्स ब्रॅनॉकने ते १९२० च्या दशकात बनवलं. दोन माणसांचा पाय एकाच लांबीचा असला तरी एकाची बोटं लांब आणि दुसऱ्याची आखूड असू शकतात, आणि दोघांना एकच बूट चालेलच असं नाही.

रुंदीसाठी अक्षरं असतात. अमेरिकन मोजणीत पुरुषांची नेहमीची रुंदी डी, बायकांची बी. २ई आणि ४ई म्हणजे पुरुषांचे रुंद आणि फार रुंद. बायकांसाठी डी हाच रुंद. म्हणून चवडा रुंद असलेल्या बाईंनी पुरुषांचा किंवा दोघांसाठीचा बूट दीड नंबर कमी करून पाहावा, लांबी तीच राहून रुंदी वाढते. जपानी लेबलांवरही ई, २ई, ३ई असतं, पण ते घेराच्या त्यांच्या तक्त्यावरून ठरतं. अमेरिकन २ई तेच जपानी २ई असं धरू नका.

आपले पाय पुढून रुंद असतात हे दुकानदार नेहमी सांगत आले आहेत. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने देशभरातल्या एक लाखाहून अधिक लोकांचे पाय मोजले, तेव्हा मोजणीतूनही तेच पुढे आलं. त्यावरून 'भा' नावाची भारतीय मापपद्धत सुचवली गेली आणि २०२४ मध्ये तिची बरीच चर्चा झाली: वयोगटांप्रमाणे आठ भाग, आणि पायाला थोडी सढळ जागा. मला ती मनापासून हवी आहे. अर्धे नंबर न बनवणाऱ्या कंपन्यांच्या बुटांत आठ आणि नऊ यांच्यामध्ये साडेआठ मिलिमीटरची दरी असते आणि कितीतरी पाय नेमके त्या दरीत पडतात. 'भा' रुळेपर्यंत निदान डब्यावर पायाची लांबी ठळक छापावी, एवढं तरी कंपन्यांनी करावं.

कोल्हापुरीला यातलं फारसं लागू नाही. तिथे पुढे मोकळी जागा नको असते. टाच मागे बाहेर येऊ नये आणि बोटं तळाच्या आत राहावीत इतकंच बघायचं. चामडं वापरून रुंदीला सैलावतं, लांबीला नाही. म्हणून नवी जोडी पट्ट्यात थोडी आवळ चालेल, तळ आखूड चालणार नाही.

घरी आल्यावरची तपासणी

बुटावरचे टॅग काढू नका. बुटातली इनसोल सुटी होत असेल तर बाहेर काढा, जमिनीवर ठेवा आणि तिच्यावर उभे राहा. टाच मागच्या कडेला लावा. सगळ्यात लांब बोटाच्या पुढे साधारण एक सेंटिमीटर जागा दिसली पाहिजे आणि करंगळी कडेच्या बाहेर येता कामा नये. बूट पायात घालून दाबून बघण्यापेक्षा हे कितीतरी स्पष्ट दिसतं, कारण बुटाचा पुढचा वरचा भाग कडक असेल तर बोट कुठे आहे ते बाहेरून कळत नाही. मग बूट घालून, लेस नीट बांधून, घरातल्या स्वच्छ फरशीवर चाला. डोंगरात घालायचे असतील तर जिना उतरून बघा. उतरताना बोट पुढे आपटत असेल तर राजगडाच्या उतारावर नख जाणार हे नक्की. आधी घोट्यापाशी लेस घट्ट करून पुन्हा उतरा, पाय पुढे सरकायचा थांबला तर नंबर बरोबर आहे आणि दोष बांधण्यात होता.

घरात कुणाला मधुमेह असेल तर "कसं वाटतंय" या प्रश्नावर विसंबू नका. पायाची संवेदना कमी झालेली असू शकते आणि घट्ट बूटही त्यांना छान वाटू शकतो. त्यांच्यासाठी इनसोलची तपासणी करायचीच. 'वापरून सैल होतील' म्हणून आवळ बूट त्यांना कधीही देऊ नका. पहिले काही दिवस बूट काढल्यावर पायावर लाल वण राहतो का ते तुम्ही स्वतः बघा. वण लवकर जात नसेल तर तो बूट बाजूला ठेवा, आणि कातडी सोलली असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.